कुत्र्याच्या लिम्फ नोडमधला तपकिरी रंग कोणाचा? सीडी२० अँटिबॉडीच्या प्रजाती-चाचणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका पशुविकृती प्रयोगशाळेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रयोगशाळेत कुत्र्या-मांजरांच्या बायोप्सी येत, शिवाय म्हशी, शेळ्या यांच्या शवविच्छेदनातले नमुने असत. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटिबॉडी वापरून ऊतीतली ठरावीक प्रथिनं रंगवून पेशी ओळखण्याची पद्धत, तिथे नव्यानेच सुरू झाली होती आणि सगळी सामग्री माणसांच्या निदानासाठी बनवलेली होती: सीडी३ (टी-पेशींची खूण) ची सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी, सीडी२० (बी-पेशींची खूण) ची एल२६ ही उंदराची मोनोक्लोनल, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) ची एमआयबी-१, आणि उंदीर व ससा या दोन्हींच्या अँटिबॉडी ओळखणारं एकच एचआरपी पॉलिमर किट (यातली सेकंडरी अँटिबॉडी ऊतीवर बसलेल्या पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला चिकटते, आणि सोबतचं एचआरपी एन्झाइम डीएबी या रसायनापासून तपकिरी रंग बनवतं).

आठ वर्षांच्या एका लॅब्राडोर मादीच्या जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी वाढल्या होत्या. सुईच्या तपासणीत मोठ्या लसिकापेशी दिसल्या, मग गुडघ्यामागचा लिम्फ नोड काढून पाठवला गेला. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर मोठ्या पेशींचा लिम्फोमा आहे याबद्दल शंका नव्हती. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न पुढचा होता: बी की टी? कुत्र्यात मोठ्या पेशींच्या टी-लिम्फोमाचं भवितव्य सहसा बी-लिम्फोमाहून वाईट असतं, आणि किमोथेरपीचा खर्च करायचा की नाही हे मालक बरंचसं त्या एका अक्षरावर ठरवतो.

अडचण

सीडी३ च्या स्लाइडवर मोठ्या पेशी रंगल्याच नाहीत. मधूनमधून विखुरलेल्या लहान टी-पेशी मात्र छान रंगल्या होत्या. सीडी२० च्या स्लाइडवरही मोठ्या पेशी कोऱ्या होत्या, पण कडेला, शिल्लक राहिलेल्या मेड्युलरी कॉर्डमध्ये (नोडच्या आतल्या भागातल्या पेशींच्या पट्ट्यांत), गडद तपकिरी पेशी होत्या. सोबत नियंत्रण म्हणून लावलेला माणसाचा टॉन्सिल अगदी पुस्तकातल्यासारखा आला होता.

यावरून पहिलं वाचन असं झालं: टॉन्सिल रंगला म्हणजे अभिकर्मक ठीक आहेत, कुत्र्याच्या काही पेशी रंगल्या म्हणजे अँटिबॉडी कुत्र्यात चालते, मग गाठीच्या पेशी सीडी२० निगेटिव्ह आहेत. सीडी३ ही निगेटिव्ह, म्हणजे हा ना बी, ना टी. अहवालाचा मसुदा त्या दिशेने तयार झाला होता.

दुसऱ्या वाचकाने ४० च्या लेन्सखाली त्या तपकिरी पेशी नीट पाहिल्या. केंद्रक एका बाजूला सरकलेलं, क्रोमॅटिन घड्याळाच्या तबकडीसारखं, केंद्रकाशेजारी फिकट पट्टा, आणि रंग पेशीच्या कडेला नव्हे तर सगळ्या सायटोप्लाझममध्ये भरलेला. या प्लाझ्मा पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, होत्या. सीडी२० पेशीच्या आवरणातलं प्रथिन आहे, आणि बी-पेशी प्लाझ्मा पेशी होताना ते गळून पडतं. म्हणजे ज्या पेशींत ते असायलाच नको नेमक्या त्याच रंगल्या होत्या. जिथे ते हमखास असायला हवं, त्या एका उरलेल्या फॉलिकलच्या (बी-पेशींच्या गोल पुंजक्याच्या) मँटलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कड्यात, काहीच नव्हतं.

आमच्या मते या प्रकरणाचं सगळं वजन इथे आहे. परक्या प्रजातीत अँटिबॉडी तपासताना रंग आला की नाही हा प्रश्न दुय्यम आहे, रंग कुठे आला हे आधी पाहायचं. आणि माणसाचा टॉन्सिल कुत्र्याबद्दल काहीही सांगत नाही. बाटली बिघडलेली नाही, एवढंच तो सांगतो.

पहिला निर्णय: अहवाल रोखायचा का?

डॉक्टर रोज विचारत होते. त्यामुळे त्याच दिवशी अंतरिम अहवाल गेला: मोठ्या पेशींचा लिम्फोमा, पेशीवंश तपासणी चालू. सोबत एक सूचना होती की दुसरा नमुना घ्यायची वेळ येऊ शकते, तोवर शक्य असेल तर प्रेडनिसोलोन सुरू करू नये, कारण स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात आणि मग हाती येणारा नमुना वाचण्याजोगा राहत नाही. हा निर्णय योग्यच होता. ज्या स्टेनवर विश्वास नाही त्यावरचं ‘ना बी, ना टी’ हे उत्तर न देण्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

रंग कुठून येतोय हे शोधणं

गाठीचा ब्लॉक बाजूला ठेवून दुसऱ्या एका कुत्र्याचा, लिम्फोमा नसलेला, जखमेमुळे सुजलेला लिम्फ नोड घेतला. त्याचे ४ मायक्रॉनचे सलग काप पाच स्लाइडवर घेतले. पहिलीवर एल२६. दुसरीवर प्रायमरीऐवजी कुठल्याच ऊतीशी संबंध नसलेली उंदराची आयजीजी२ए (अँटिबॉडीचा एक उपवर्ग), कारण एल२६ त्याच उपवर्गाची आहे, आणि प्रमाणही मिलिलिटरमागे तेवढेच मायक्रोग्रॅम. तिसरीवर प्रायमरी नाही, फक्त बफर आणि मग पॉलिमर. चौथीवर पॉलिमरही नाही, थेट डीएबी. पाचवीवर फक्त हिमॅटॉक्सिलिन.

पहिल्या तिन्ही स्लाइड सारख्याच दिसल्या: मेड्युलरी कॉर्डमधल्या प्लाझ्मा पेशी तपकिरी, रक्तवाहिन्यांतलं सीरम फिकट तपकिरी, फॉलिकल कोरे. चौथी आणि पाचवी स्वच्छ. म्हणजे कुत्र्याचं स्वतःचं पेरॉक्सिडेज नाही, फॉर्मेलिनचा रंगकण नाही, हिमोसिडेरिन नाही. दोष पॉलिमरवरच्या सेकंडरी अँटिबॉडीचा. ती कुत्र्याच्या इम्युनोग्लोब्युलिनला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी-प्रथिनांना, चिकटत होती, आणि इम्युनोग्लोब्युलिन सगळ्यात जास्त साठतं ते प्लाझ्मा पेशीत.

असं होण्याचं कारण किटच्या रचनेतच असतं. माणसांसाठीच्या किटमधली सेकंडरी माणसाच्या सीरम प्रथिनांवर शोषून स्वच्छ केलेली असते, त्यामुळे टॉन्सिलच्या प्लाझ्मा पेशी कोऱ्या राहतात. कुत्रा, म्हैस, शेळी यांच्या सीरमवर ते शोषण झालेलं असेलच असं नाही.

मग सीडी३ ची जुनी स्लाइड पुन्हा काढली. त्याच प्लाझ्मा पेशी तिथेही हलक्या तपकिरी होत्या. पॉलिमर दोन्हींसाठी एकच, त्यामुळे ते व्हायचंच होतं. टी-पेशींचा रंग इतका ठळक होता की शेजारच्या फिकट पेशींकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

उपाय साधा निघाला. पॉलिमर ऊतीवर टाकण्याआधी त्यात ५ टक्के सामान्य कुत्र्याचं सीरम मिसळून अर्धा तास ठेवलं. कुत्र्याच्या आयजीजीला चिकटणारे हात सीरममध्येच अडकून बसले, आणि प्रायमरी नसलेली स्लाइड स्वच्छ झाली. इथे एक गोष्ट उलटी केली तर फसगत होते. कुत्र्याचं सीरम सेकंडरीत मिसळायचं असतं, ऊतीवर ब्लॉक म्हणून ओतायचं नसतं. ऊतीवर ओतलं तर सेकंडरीला चिकटायला आणखी आयजीजी मिळतं. ब्लॉकसाठी सेकंडरी ज्या प्राण्यात बनली त्याचं सीरम घ्यायचं, इथे ती शेळी होती.

पार्श्वभूमी साफ झाल्यावर एल२६ ला खरी संधी मिळाली. ६.० पीएचचं सायट्रेट आणि ९.० पीएचचं ट्रिस-ईडीटीए, दोन्हींत ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग २० मिनिटं थंड करणं. प्रायमरी खोलीच्या तापमानाला एक तास, आणि वेगळ्या स्लाइडवर ४ अंशांना रात्रभर. मँटलमध्ये काही आलं नाही. प्रमाण दहापट वाढवलं तर सगळीकडे मळकट पिवळसर छटा आली, तीही आयजीजी२ए च्या स्लाइडवर तितकीच. एल२६ कुत्र्याच्या पॅराफिन कापांवर चालत नाही हे पशुविकृतीत बऱ्याच काळापासून माहीत असलेलं सत्य आहे, आणि इथेही तेच दिसलं.

समोर असलेले पर्याय

फ्लो सायटोमेट्रीला ताज्या, जिवंत पेशी लागतात, त्या हाती नव्हत्या. अँटिजेन रिसेप्टर जनुकांची पीसीआर फॉर्मेलिनमधल्या ऊतीवर होऊ शकते, पण ती पेशी एकाच मुळातून आल्या का हे सांगते. पेशीवंश ठरवायला तिच्यावर विसंबता येत नाही, कारण बी-लिम्फोमातही कधी टी-रिसेप्टरची पुनर्रचना सापडते.

राहिल्या तीन अँटिबॉडी. सीडी७९ए ची एचएम५७, सीडी२० च्या सी-टोकाच्या पेप्टाइडवर बनवलेली सशाची पॉलिक्लोनल, आणि पॅक्स५ ची क्लोन २४. सीडी७९ए आणि पॅक्स५ हीही बी-पेशींचीच प्रथिनं.

इथे जुन्या कामाचा आधार मिळतो. १९९३ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटाने सीडी३, सीडी५ आणि सीडी७९ या प्रथिनांच्या पेशीच्या आत राहणाऱ्या भागांचे पेप्टाइड घेऊन अँटिबॉडी बनवल्या आणि त्या अनेक प्राण्यांच्या टी व बी पेशी ओळखतात हे दाखवलं. एचएम५७ त्याच वंशातली. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. प्रथिनाचा बाहेरचा भाग प्रजातीगणिक झपाट्याने बदलतो, आतला संदेश वाहणारा भाग त्यामानाने टिकून राहतो. माणसाच्या लिम्फोमावर वापरलं जाणारं रिटक्सिमॅब सीडी२० च्या बाहेरच्या वळणाला चिकटतं, आणि ते कुत्र्याच्या सीडी२० ला चिकटत नाही.

पण याला नियम समजू नये. एल२६ चं लक्ष्यही पेशीच्या आतच आहे, तरी ती कुत्र्यात निकामी ठरते. अँटिबॉडी सगळं प्रथिन ओळखत नाही, सहा-दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा ओळखते, आणि त्यातलं एखादं बदललं तरी पकड सुटू शकते. म्हणून ‘माणूस-कुत्रा साम्य अमुक टक्के’ या आकड्याला फार अर्थ नाही. इम्युनोजेनचा (ज्यावर अँटिबॉडी बनवली त्या तुकड्याचा) क्रम उत्पादकाकडून मागायचा, युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यातल्या माणसाच्या सीडी२० शी, म्हणजे पी११८३६ या नोंदीशी, आणि त्या प्राण्याच्या नोंदीशी जुळवून तेवढाच तुकडा पाहायचा. क्रम जुळला तरी ती फक्त शक्यता असते, पुरावा स्लाइडवरच मिळतो. उत्पादक क्रम द्यायला नकार देत असेल तर निदान कोणता भाग हे तरी लेखी घ्यावं.

शेवटी कुत्र्यासाठी सीडी२० ची पॉलिक्लोनल आणि पॅक्स५ अशी जोडी निवडली. पॅक्स५ निवडण्याचं कारण आम्हाला विशेष आवडतं: ते केंद्रकात रंगतं. सेकंडरीची जी चूक इथे घडली होती ती सायटोप्लाझम रंगवते, त्यामुळे तीच चूक पुन्हा झाली तरी केंद्रकातल्या खऱ्या रंगाशी तिची गल्लत होऊ शकत नाही. शिवाय दोन वेगळ्या प्रथिनांवरच्या, दोन वेगळ्या प्राण्यांत बनलेल्या अँटिबॉडी एकाच पेशीगटाकडे बोट दाखवत असतील तर त्याला पुरावा म्हणून वजन येतं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने अँटिबॉडी पडताळणीचे जे पाच मार्ग मांडले, त्यातला स्वतंत्र अँटिबॉडीचा मार्ग अशा प्रयोगशाळेला खरोखर परवडतो. जनुक काढून टाकलेला कुत्रा कोणाकडे नसतो.

काय केलं

आधी ब्लॉक बनवले. दर प्रजातीचा वेगळा ब्लॉक, आणि त्यात ३ मिलिमीटरच्या बायोप्सी पंचने काढलेले तुकडे: लिम्फ नोड, थायमस, प्लीहा, पायर्स पॅच (लसिकापेशींचे पुंजके) असलेलं लहान आतडं, यकृत, कंकाल स्नायू, सेरेबेलम. थायमसच्या कॉर्टेक्समध्ये टी-पेशी खच्चून असतात आणि बी-पेशी जवळपास नसतात, त्यामुळे तिथे बी-मार्कर रंगला तर तिथेच थांबायचं. यकृतात अंतर्गत बायोटिन भरपूर असतं, कोणी पुढे बायोटिनवर आधारलेलं किट आणलं तर ते लगेच उघडं पडेल. सेरेबेलम घ्यायचं कारण असं की सीडी३ च्या काही अँटिबॉडी तिथल्या पुर्किंजे पेशी (मोठ्या चेतापेशी) रंगवतात, हे जुनं नोंदलेलं निरीक्षण आहे.

ऊती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये २४ ते ४८ तास: ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली तीव्र फॉर्मेलिन, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट. गावाकडून येणारे नमुने अनेकदा नळाच्या पाण्यात केलेल्या फॉर्मेलिनमध्ये असतात. ते आम्लधर्मी होतं आणि रक्ताळ ऊतीत तपकिरी-काळा हिमॅटिन जमतो. तो डीएबीसारखाच दिसतो. असा नमुना नियंत्रण ब्लॉकमध्ये घेऊ नये.

म्हशीच्या ऊती परवानाधारक कत्तलखान्यातून ताज्या मिळाल्या. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे गोवंशाच्या ऊती शवविच्छेदनातूनच येतात, आणि उन्हाळ्यात तोवर त्या सडू लागलेल्या असतात. सडलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी धरून ठेवतात. म्हणून नियंत्रण ब्लॉक म्हशीचा केला आणि तो गायीसाठी आपोआप लागू धरायचा नाही असं लिहून ठेवलं.

स्वीकाराच्या अटी स्टेन करण्याआधी लिहिल्या. रंग पाहिल्यावर अटी ठरवल्या की डोळा त्यांना रंगाप्रमाणे वाकवतो. अटी अशा: मँटल आणि फॉलिकल रंगले पाहिजेत, पॅराकॉर्टेक्समध्ये (नोडमधल्या टी-पेशींच्या भागात) तुरळक पेशींपलीकडे काही नको, थायमसचं कॉर्टेक्स, स्नायू आणि यकृतपेशी कोऱ्या हव्यात, सीडी२० आवरणावर आणि पॅक्स५ केंद्रकात हवं, प्लाझ्मा पेशी दोन्हींत कोऱ्या हव्यात, आणि प्रायमरी नसलेली स्लाइड त्याच प्रजातीच्या ब्लॉकवर स्वच्छ हवी.

पॉलिक्लोनलचं टायट्रेशन, म्हणजे योग्य विरळपणा शोधणं, १:१०० ते १:१६०० असं दुपटीने, दोन्ही पीएचवर. १:१०० ला फॉलिकल सगळ्यात गडद होते, पण स्नायूवरही छटा होती. १:४०० ला फॉलिकल थोडे फिकट आणि बाकी सगळं स्वच्छ. तेच घेतलं. हा आकडा त्यांच्या बाटलीपुरता आहे. पाहायचा तो गडदपणा नाही, रंगायला हव्या आणि नको अशा पेशींमधला फरक पाहायचा.

पेप्टाइडने अँटिबॉडी आधी बांधून घ्यायची चाचणीही केली, रंग गेला. पण त्यावर फार विसंबू नये. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच त्यातून कळतं, ऊतीत ती ज्याला चिकटली ते तेच प्रथिन होतं हे कळत नाही. जास्त उपयोगी ठरला तो वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी): कुत्र्याच्या लिम्फ नोडचा अर्क आणि शेजारी स्नायूचा. ३३ ते ३७ किलोडाल्टनच्या पट्ट्यात एक पट्टी, स्नायूत काही नाही. पहिल्या खेपेला अर्क ९५ अंशांना उकळला होता आणि सगळं प्रथिन जेलच्या वरच अडकलं. आवरणातून चार वेळा आरपार जाणारी अशी प्रथिनं उकळल्यावर गुठळ्या करतात. ३७ अंशांना अर्धा तास ठेवल्यावर पट्टी जागेवर आली.

म्हशीत वेगळंच निघालं. तिथे बी-पेशींसाठी एचएम५७ निवडली होती, आणि नियंत्रण म्हणून पारड्याच्या शेषांत्राचा पायर्स पॅच घेतला. लहान वयाच्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत त्याचे फॉलिकल मोठे आणि बहुतांशी बी-पेशींचे असतात, यापेक्षा चांगलं नियंत्रण नाही. पण थेट डीएबीची स्लाइड, जी कुत्र्यात स्वच्छ होती, इथे आतड्याच्या लॅमिना प्रोप्रियात ठिपक्यांनी भरली. ते इओसिनोफिल होते. त्यांचं पेरॉक्सिडेज ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडला १० मिनिटांत दाद देत नाही. वेळ ३० मिनिटं केल्यावर ठिपके बरेच कमी झाले, उरलेले दुभंगलेल्या केंद्रकावरून वगळता आले. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि लाल रंग हा दुसरा मार्ग होता, पण ऊतीतलं हे एन्झाइम रोखायला वापरलं जाणारं लेव्हामिसोल आतड्याच्या फॉस्फेटेजला रोखत नाही, त्यामुळे ब्रश बॉर्डरची वेगळी तपासणी करावी लागली असती. म्हणून तो सोडला. पॉलिमरमध्ये अर्थात म्हशीचं सीरम मिसळावं लागलं.

शेळीत बनवलेली आयबीए१ (मॅक्रोफेज पेशींची खूण) ची एक बाटलीही फ्रीजमध्ये होती. तिच्यावर ‘शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांत नाही’ असं लेबल लावलं. शेळीविरोधी सेकंडरी शेळीच्या ऊतीतलं आयजीजी तर पकडतेच, गाय-मेंढीचंही पकडते. त्याच कारणाने तिच्यासोबत दुधाची भुकटी किंवा गायीचं सीरम ब्लॉक म्हणून चालत नाही.

निकाल

कुत्र्याच्या ब्लॉकवर दोन्ही अँटिबॉडी सगळ्या अटींना उतरल्या. मग लॅब्राडोरच्या गाठीवर त्या चालवल्या. मोठ्या पेशींच्या कडा सीडी२० ने सलग तपकिरी, केंद्रकं पॅक्स५ ने रंगलेली, सीडी३ फक्त अधल्यामधल्या लहान पेशींत. अहवाल बी-पेशींचा, मोठ्या पेशींचा विसरित लिम्फोमा असा गेला. दोन मार्कर ठेवण्याचा फायदा पुढेही आहे: कुत्र्यांच्या टी-पेशी लिम्फोमात क्वचित सीडी२० दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि एकट्या मार्करवर ती गाठ बी म्हणून गेली असती.

याआधी एल२६ वर दिलेले कुत्र्यांचे अहवाल शोधून काढले. ज्यांचे ब्लॉक शिल्लक होते ते पुन्हा स्टेन करून सुधारित अहवाल पाठवले, बाकीच्यांना पेशीवंशाचा निष्कर्ष मागे घेतल्याचं पत्र गेलं.

म्हशीसाठी एचएम५७ सामान्य ऊतीत स्वीकारली, लिम्फोमाच्या निदानासाठी अजून नाही. माणसाच्या ऊतीत सीडी७९ए मेगाकॅरिओसाइटमध्येही दिसल्याचं नोंदलेलं आहे, त्यामुळे प्लीहेतल्या मोठ्या पेशींबाबत जास्त सावध राहायचं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रायमरी नसलेली स्लाइड पहिल्याच दिवशी कुत्र्याच्या ऊतीवर लावली असती तर सगळा गोंधळ एका दुपारी मिटला असता. ती लावली होती, पण टॉन्सिलवर. हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण नियंत्रण स्लाइडचा ठेवणीतला गठ्ठा माणसाच्या ऊतीचा असतो आणि हात आपोआप तिकडे जातो.

दुसरं, माहितीपत्रकावरच्या ‘रिअॅक्टिव्हिटी’ या ओळीत कुत्रा नव्हता, ते वाचून बाटली मागवायला हवी होती. तिथे कुत्रा असता तरी कोणत्या तंत्राने तपासलं हे विचारावं लागतंच. फ्लो सायटोमेट्रीत चालणारी अँटिबॉडी फॉर्मेलिनमधून गेलेल्या ऊतीत चालेलच असं नाही.

पॉलिक्लोनलचा लॉट संपणार हेही आधी धरून चालायला हवं होतं. आता एकाच लॉटचा साठा घेऊन तो २० मायक्रोलिटरच्या भागांत उणे २० अंशांना ठेवला आहे. नवा लॉट आला की जुन्या लॉटशेजारी कुत्र्याच्या ब्लॉकवर दोन्ही चालवायचे, आणि मँटल व पॅराकॉर्टेक्स दोन्ही जुळले तरच तो वापरात घ्यायचा. साठवणीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड चालतं, पण धुण्याच्या बफरमध्ये किंवा पॉलिमरमध्ये ते गेलं तर एचआरपी मंदावतं, आणि मग फिका रंग पाहून दोष अँटिबॉडीवर जातो.

मांजराचा ब्लॉक तयार आहे, थायमससाठी योग्य वयाचं मांजर मिळायला वेळ लागला म्हणून तो मागे राहिला. त्याच्या अटींची यादी कुत्र्याचीच आहे, पण सेकंडरीत मांजराचं सीरम लागेल आणि टायट्रेशन शून्यापासून करावं लागेल. ते होईपर्यंत मांजराच्या लिम्फोमाच्या अहवालात पेशीवंशाचा रकाना रिकामा ठेवला जातो, आणि खाली ‘या प्रजातीत पडताळणी अपूर्ण’ असं लिहिलं जातं.